नव्या घरात बघू

भांडणाऱ्या जोडप्यांचं मला कधी टेन्शन आलं नाही. त्यांचा आवाज जिन्यावरूनच यायचा. बाईची वरची पट्टी, त्याचं दबक्या आवाजात 'हळू बोल, लोक बघतायत', आणि मग आमच्या बाकड्यावर दोघं दोन टोकांना. मी मनात म्हणायचे, चला, जीव आहे अजून. ज्याच्यावर ओरडावंसं वाटतं त्याच्याकडून आपल्याला काहीतरी हवं असतं. मला भीती वाटायची ती एकमेकांना पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून देणाऱ्यांची. आले, चपला जोडीनं काढल्या, 'तू बस आधी', 'नाही रे, तू बस'. 

संपादकबाई म्हणाल्या, दिवाळी अंक आहे, गमतीजमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. पण निवृत्त झाल्यावर दुपारी आडवं पडलं की आठवतं ते हसू येणारं नव्हे, त्याला मी काय करू? थोड्या गमती लिहिते आणि मग जे लिहायचंय ते लिहिते. नावं बदलली आहेत, इमारती बदलल्या आहेत. कुणाला वाटलंच की हे आपलं आहे, तर तसं मुलुंडमध्ये निम्म्या घरांना वाटेल.

माझं काम लग्नाच्या समुपदेशनाचं. घाटकोपरला एका ट्रस्टची दुमजली इमारत, खाली दवाखाना, वर आमचं केंद्र. दवाखाना खाली होता हे आमचं नशीब. लोक घरी 'जरा सर्दी झालीय, औषध घेऊन येतो' म्हणून निघायचे आणि डॉक्टरांची रांग ओलांडून वर यायचे. सर्दीच्या निमित्तानं माझ्याकडे आलेल्या संसारांची मोजदाद नाही. एका सासूबाईंनी मला भाजीबाजारात विचारलं होतं, तुमच्या डॉक्टरांचा गुण का येत नाही हो, सुनेची सर्दी सहा महिने हटत नाहीये. मी काय बोलणार? कपाळ!

लोकांना वाटतं आम्ही सल्ला देतो. अहो, सल्ला द्यायला गल्लीतला पानवालाही तयार असतो. आमचं काम ऐकायचं. आधी एकाला एकट्याला, मग दुसऱ्याला, मग दोघांना एकत्र. आणि गंमत अशी की तिन्ही वेळा वेगळंच लग्न ऐकू येतं.

मुख्य अडचण असते ती त्या विषयाची. 'तुमचं शरीराचं नातं कसं आहे?' असं विचारलं की शिकलेसवरलेले लोक पंख्याकडे बघतात. बाया बांगड्या फिरवतात. पुरुष म्हणतात, 'नॉर्मल आहे मॅडम.' त्या 'नॉर्मल'चा मी धसकाच घेतला होता. मग मी एक युक्ती काढली. टेबलावर माझ्या वस्तू पडलेल्या असायच्या, चष्म्याचं घर, स्टेपलर, टाचण्यांची डबी, खोडरबर. त्या पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, हे टेबल म्हणजे तुमचं घर, आता कोण रात्री कुठे झोपतं ते मांडून दाखवा. मुंबईतला माणूस नवराबायकोबद्दल बोलणार नाही, पण जागेबद्दल विचारा, लगेच कार्पेट एरियासकट सांगेल. वस्तू मांडता मांडता आपोआप बोलायला लागायचे. इथे आजी, इथे कपाट, कपाटाच्या पलीकडे आम्ही, आणि मधे हा पडदा, मॅडम, याला रिंगा नाहीत, दोरीवर आहे. त्या दोरीवरच्या पडद्यात मला सगळं कळायचं.

आणि मग यायचा तो प्रश्न. 'कधी?' इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त कोणता प्रश्न विचारला गेला असेल तर हा. अंधेरीहून एक आई आली होती, मुलीला दंडाला धरून. मुलगी चांगली कमावती, एका मुलाशी मोबाइलवरच्या ॲपमधून ओळख झालेली, दुसऱ्या का तिसऱ्या भेटीतच जवळ आलेले, आता एकत्र राहायचं म्हणत होते. आईचं म्हणणं, सगळं आधीच झालं, आता लग्नात राहिलं काय? मुलगी शांतपणे म्हणाली, भांडी राहिली आहेत ना, आई, भांडी कोण घासणार ते अजून ठरायचंय. त्या दोघांनी पुढे लग्न केलं आणि भांड्यांवरूनच माझ्याकडे दोनदा येऊन गेले. जिन्यावरून आवाज येत होता. झकास चाललं होतं त्यांचं.

म्हणजे लवकर केलं की बरं, असं समजू नका. बोरिवलीच्या एक बाई आल्या होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या, मुलं मार्गी लागलेली, नवरा नुकताच बँकेतून निवृत्त झालेला. तक्रार काय? तो खोलीत आला की गुदमरल्यासारखं होतं. बरं, माणूस कसा आहे? चांगला. पितो? नाही. हात उचलतो? छे हो. दोन-तीन भेटी अशाच गेल्या. मग एके दिवशी टेबलावरच्या वस्तूंना हातही न लावता त्या बोलल्या. लग्नाच्या दिवशीचं. पहाटेपासून उभ्या, पाय सुजलेले, अंबाड्यात पिना, डोकं ठणकत होतं. आणि त्याला मित्रांनी शिकवून पाठवलेलं की आजच, नाहीतर बायको डोक्यावर बसते. "मला फक्त अर्धा तास हवा होता बाई," त्या म्हणाल्या. "केस सोडवायला." एवढं बोलायला त्यांना सारा संसार करावा लागला.

नवऱ्याला बोलावलं. त्याला सगळं आठवत होतं, पिना सोडून. तो आपल्या हातांकडे बघत म्हणाला, मला वाटलं होतं असंच करायचं असतं. डोळे भरले होते त्याचे. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला तो त्या मित्रांचा. बाई नंतर एकदा बोरिवलीला भाजी घेताना भेटल्या. बरं चाललंय म्हणाल्या. बरं म्हणजे किती, ते मी विचारलं नाही.

तर 'कधी' याचं उत्तर माझ्याकडे नाही, हे मी सगळ्यांना सांगून टाकायचे. आम्ही मालवणकडचे. आंबोळीचं पीठ रात्रभर ठेवावं लागतं, घाई केली की आंबोळी तव्याला चिकटते हे आम्हाला लहानपणी कळतं. पण ते पीठ दोन दिवस विसरलात तर फेकावं लागतं, हेही आम्हाला कळतं. घाईचे बळी मी बरेच पाहिले होते. विसरलेलं पीठ पाहिलं ते रूपेश आणि मानसीच्या वेळी.

रूपेश मुलुंडचा, कुरियर कंपनीच्या हपिसात हिशेबाला. मानसी भांडुपची, डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला. ठरवून झालेलं लग्न, पण पहिल्या भेटीतच दोघं एकमेकांना आवडलेले. माझ्याकडे आले तेव्हा लग्नाला सहा वर्षं होऊन गेली होती. बाकड्यावर बसल्या बसल्या त्यानं पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि तिच्या हातात दिली. मी मनात म्हटलं, झालं!

कशासाठी आलात विचारलं तर दोघं एकमेकांकडे बघून हसले. मग मानसीनंच सांगितलं. घरात मूल कधी म्हणून विचारायला लागलेत, डॉक्टर सांगतात तपासण्या करा, पण बाई, आम्ही अजून... आणि ती थांबली. मला वाक्य पूर्ण करावं लागलं नाही. सहा वर्षांत एकदाही नाही. दोघंही मान खाली घालून बसले, परीक्षेत नापास झाल्यासारखे.

मी टेबल मोकळं केलं.

लग्न ठरलं तेव्हाच रूपेशच्या घरच्यांची जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती. बिल्डर म्हणाला दोन वर्षांत ताबा. उपनगरात बिल्डरची दोन वर्षं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं, पण ज्याची बिल्डिंग पडते त्याला ते माहीत नसतं. तोवर भाड्याची जागा, एक खोली आणि स्वयंपाकघर. राहणारे चौघं. रूपेशची आई, विधवा. त्याची धाकटी बहीण, कॉलेजात. आणि हे दोघं. मानसीनं मांडून दाखवलं. बाहेरच्या खोलीत खोडरबर म्हणजे नणंद. आत स्वयंपाकघरात ओट्याखालच्या जागेत चष्म्याचं घर आणि स्टेपलर, म्हणजे ती आणि रूपेश. आणि दोन्हींच्या मधे, जिथे दार नव्हतं, नुसती चौकट होती, तिथे टाचण्यांची डबी. आई.

मी विचारलं, आई मधे का?

आई प्रेमळ आहेत, मानसी म्हणाली. आतली जागा आम्हाला दिली आणि स्वतः चौकटीत झोपल्या. म्हणाल्या, पोरगी बाहेरच्या कुणाला दिसायला नको. गुडघे दुखतात, झोप लागत नाही त्यांना. आत जरा खुट्ट झालं की लगेच विचारायच्या, काय गो, पाणी हवं का?

हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. कौतुकानं सांगितलं. रूपेशही हसला.

लग्न झाल्यावर आधी गावी गेले होते, तेही आमच्या मालवणकडचेच. आमच्याकडे कुलदेवाच्या पाया पडल्याशिवाय, ओटी भरल्याशिवाय नवराबायको एकत्र झोपत नाहीत, आणि गावच्या घरात त्यानंतरही बाया एका खोलीत, पुरुष पडवीत. रजा संपली, मुंबईला आले. त्या स्वयंपाकघरातल्या पहिल्या रात्री रूपेश तिच्या कानात म्हणाला, नव्या घरात बघू. मानसी हसली आणि हो म्हणाली. बस. एवढंच. सगळं त्या तीन शब्दांत गेलं.

मग मी दोघांना वेगवेगळं बसवलं. रूपेश म्हणाला, तिला संकोच वाटत होता ना, आई इतकी जवळ, म्हणून मी म्हटलं. तुम्हाला स्वतःला? तो लाल झाला. मला तर... पण तिचा चेहरा बघवेना. मानसी आली. म्हणाली, त्याला आईसमोर कानकोंडं होत होतं, त्याला कशाला अवघडवायचं म्हणून मी हो म्हटलं. आणि तुला, बाळा? तिनं टिश्यूचा डबा ओढला. "मला वाटलं होतं तो दुसऱ्या दिवशी म्हणेल, चल, कुठेतरी जाऊ. पण तो इतका समजूतदार आहे ना बाई, की म्हणालाच नाही."

देवा रे! दोन समजूतदार माणसांनी एकमेकांची केवढी वाट लावली.

तुम्ही म्हणाल, लॉज नाहीत का, हॉटेलं नाहीत का. मीही विचारलं. पहिल्या वर्षी फिरायला जायचं ते नवीन घर झाल्यावर जाऊ असं ठरलं. नवीन घराच्या टाइल्स कुठल्या, पडदे कुठले, बेडरूमला कुठला रंग, सगळं ठरत होतं. दर रविवारी दोघं जाऊन बांधकाम बघून यायचे. काम कधी प्लिंथला अडकायचं, कधी परवानगीला. तिसऱ्या वाढदिवशी, लग्नाच्या, दोघं लोणावळ्याला गेले. हॉटेलात दार लावलं आणि दोघांना हसूच फुटलं. इतकं हसले की पोट दुखायला लागलं. मग काय केलंत? रूपेश म्हणाला, पत्ते खेळलो. मानसी म्हणाली, तो चीटिंग करत होता. सांगताना दोघं पुन्हा हसले, मीही हसले, आणि घरी जाताना मला रडू आलं. मी घरी काम नेत नसे, पण ते पत्ते माझ्याबरोबर घरी आले.

शेवटी एकदाचा ताबा मिळाला. वरच्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट. दाराला कडी. वास्तुशांत झाली, पाहुणे गेले, आई आणि नणंद त्यांच्या खोलीत गेल्या. हे दोघं आपल्या खोलीत आले, ठरवलेल्या रंगाच्या भिंती, ठरवलेले पडदे. रूपेशनं कडी लावली. त्या क्षणाची सहा वर्षं वाट बघितलेली. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

पुढचं मानसीच्याच शब्दांत सांगते. "त्याचा हात लागला आणि मला वाटलं, हा काय करतोय? रूपेश असं का करतोय? जसं काही भावानं चुकून हात ठेवला. मला स्वतःचीच लाज वाटली, बाई. नवरा आहे तो माझा."

आणि रूपेश एकटा असताना म्हणाला, "मी सॉरी म्हटलं. स्वतःच्या बायकोला. आणि ती म्हणाली, इट्स ओके."

वर्षभर येत होते दोघं. डॉक्टरांकडे पाठवलं, दोघांतही काही दोष नाही. मी सांगितलेलं सगळं करायचे. रोज दहा मिनिटं फोन बाजूला ठेवून हात हातात घेऊन बसा म्हटलं, बसले. जुने फोटो बघा म्हटलं, पाहिले. घरी न सांगता एक दिवस दांडी मारून बाहेर भेटा म्हटलं, तर वर्सोव्याच्या समुद्रावर जाऊन आले आणि माझ्यासाठी सुके बोंबील घेऊन आले. असे गुणी विद्यार्थी मला कधी मिळाले नव्हते. पण जे यायला हवं होतं ते काही येईना. मी सांगत होते ते सगळं दोन अनोळखी माणसांना जवळ आणायचं शास्त्र. हे दोघं अनोळखी कुठे होते? ते एकाच ताटात जेवत होते, एकमेकांची चप्पल घालत होते. त्यांना पुन्हा परकं कसं करायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

वेगळं व्हायचं मानसीनं काढलं. तिशी कधीच ओलांडली होती, मूल हवं होतं. डॉक्टरांच्या मदतीनं होऊ शकतं असं मी म्हटलं. ती म्हणाली, बाई, मूल होईल. पण मला एकदा तरी कुणीतरी हवीशी वाटून जवळ घ्यायला हवं आहे, आणि मला कुणीतरी हवासा वाटायला हवा आहे, हे मागणं जास्त आहे का? मी तिला नाही म्हणाले. म्हणजे जास्त नाही असं म्हणाले. हे म्हणताना दारापलीकडे बाकड्यावर रूपेश बसलाय हे मला दिसत होतं. तिच्यासाठी चहा घेऊन बसला होता, आलं न घातलेला, कारण तिला आलं चालत नाही.

शेवटच्या भेटीला दोघं एकत्र बसले. मी अजून एकदा प्रयत्न केला, जरा थांबून बघा, घाई नको. आणि माझीच जीभ चावली. या दोघांना मी थांबा म्हणून सांगत होते! रूपेशनं मला त्यातून सोडवलं. तो रागावला नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं.

"आम्ही थांबलो ते प्रेमानंच ना, बाई? मग चुकलं कुठे?"

 मानसीनं त्याचा हात धरला. किती सहज धरला. कोर्टात दोघांच्या संमतीनं सगळं झालं. तिथेही म्हणे हे दोघं एकाच डब्यातलं जेवत होते आणि लोक वळून बघत होते.

त्यानंतर काही महिन्यांनी एका दुपारी रूपेशची आई आली. वेळ न ठरवता, एकटी, गुडघे धरत जिना चढून. मी तिला टेबलावरची टाचण्यांची डबी म्हणूनच ओळखत होते, माणूस पहिल्यांदा पाहिला. बारकीशी, हिरव्या काठाची सुती साडी. पिशवीत माझ्यासाठी गावची कोकमाची सोलं. आपण दोघी एकाच मुलखाच्या, हे तिला मानसीनं सांगितलं होतं. बसली, पाणी प्यायली आणि सरळ मालवणीतच बोलायला लागली.

"दोघांचो एकमेकांवर जीव. आजून पण ती माका फोन करता, गुडघ्याचा तेल लावलास काय म्हणान. कोण कोणाक वायट बोलूक नाय. मगे माजा काय चुकला, बाई?"

तुमचं काही चुकलं नाही, असं आमच्या कामात म्हणायचं नसतं, आणि चुकलं असंही नाही. मी सवयीनं वस्तू पुढे सरकवल्या. म्हटलं, भाड्याच्या जागेत कसे झोपत होतात ते दाखवा. तिनं अगदी मानसीनं मांडलं होतं तसंच मांडलं. खोडरबर बाहेर. आत चष्म्याचं घर आणि स्टेपलर. चौकटीत डबी. तिथे बोट ठेवून म्हणाली, ही मी. दोघांका आतली जागा दिलंय. राखण केलंय.

मी विचारलं, तुमचं लग्न झालं तेव्हा कुठे होतात?

लालबागला, गिरणीच्या चाळीत. एका खोलीत अकरा माणसं. सासू, सासरे, दीर, नणंदा, वर गावाहून नोकरी शोधायला आलेला कुणी ना कुणी.

मग तुमचं कसं हो जमायचं?

ती पहिल्यांदा हसली. पदर तोंडाला लावला. या वयातही गाल लाल झाले तिचे. म्हणाली, रविवारी जेवणं झाली की सासू पदर खोचून उभी राहायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, चला रे, देवळात जाऊया. पोरं, दीर, नणंदा, सासरे, गावचा पाहुणा, सगळ्यांना घेऊन निघायची. कुणी म्हणालं डोकं दुखतंय तर त्यालाही उठवायची. जाताना शेजारणीला सांगून जायची, आम्ही येईपर्यंत आमच्याकडे कुणी येऊ नका. एवढ्या दुपारचं देऊळ उघडं तरी असायचं का, देव जाणे. बाहेरच्या पारावर बसून राहायची चार वाजेपर्यंत. सून घरी चहा ठेवते आहे असा अंदाज घेऊनच सगळी वरात परत यायची. आणि या विषयावर सासू-सुनेत जन्मात एक अक्षर बोललं गेलं नाही.

माझ्या सासूबाई भजनाला न्यायच्या. घाटकोपरच्या आमच्या चाळीत प्रत्येक घराचं असं काहीतरी होतं. मीच विसरले होते. इतकी वर्षं मी लोकांना रात्रीचं घर मांडायला सांगत होते. रविवारच्या दुपारचं घर मी कधी कुणाला मांडायला सांगितलं नाही.

रूपेशची आई आता टेबलाकडे बघत होती. पंखा फिरत होता, खाली दवाखान्यात कुणाचं तरी मूल रडत होतं.

"माका कोणी सांगूक नाय," ती म्हणाली. "सासू उठान जाय, इतक्याच माका ठावक. आणि आताच्या पोरांका सगळा येता, असा वाटला. मोबायल असता हातात." मग म्हणाली, "रविवारी ती दोघा घर बघूक जायत. मी म्हणी, जावा गो, मी हय आसय."

मी तिच्या हातावर हात ठेवला, पण तिचं लक्ष नव्हतं. तिनं बाहेरच्या खोलीतलं खोडरबर उचललं. मग चौकटीतली टाचण्यांची डबी उचलली. दोन्ही वस्तू घेऊन खुर्चीचा हात धरून उठली, गुडघा दाबत खिडकीपर्यंत गेली आणि त्या बाहेरच्या कट्ट्यावर नीट शेजारी शेजारी ठेवल्या.

"ही गेली देवळात," ती म्हणाली.

टेबलावर चष्म्याचं घर आणि स्टेपलर राहिलं. आम्ही दोघी दोन खुर्च्यांवर बसून त्यांच्याकडे बघत राहिलो.